आपल्या शिवाराचा नकाशा आपल्या मुलांना वाचतां आला पाहिजे

रत्नागिरी जिल्ह्यांतील कुणब्याच्या, भंडाऱ्याच्या, सुताराच्या किंवा खारव्याच्या मुलाला देशाची राजधानी विचारा. तो चटकन् सांगेल. गंगा कोठें उगम पावते, सर्वांत उंच शिखर कोणतें, हेंही तो एका दमांत म्हणून दाखवील. आतां त्याच मुलाला विचारा कीं, बाबा रे, ज्या भाताच्या तुकड्यावर तुझें घर जगलें त्याचा गट नंबर कोणता, त्याच्या उत्तरेस कोणाची जमीन आहे, आणि तुझ्या वाडीचा वहाळ शेवटीं कोणत्या नदीला मिळतो? पोरगा बापाच्या तोंडाकडे पाहील आणि बाप तलाठ्याच्या कचेरीकडे बोट दाखवील. काखेंत कळसा नि गांवाला वळसा म्हणतात तो हाच.

यांत दोष मुलाचा नाहीं आणि मास्तरांचाही नाहीं. शाळेच्या पुस्तकांत जिल्ह्याचा नकाशा असतो, राज्याचा असतो, जगाचा असतो. तुमच्या शेताचा नकाशा कोणतेंही पुस्तक छापणार नाहीं. तो घरींच शिकवावा लागेल. ही हौसेची गोष्ट नसून घरदार राखण्याची गोष्ट आहे, एवढेंच आमचें म्हणणें. ज्याला आपल्या जमिनीचा नकाशा वाचतां येत नाहीं, त्याची जमीन दुसऱ्याच्या वाचण्यावर अवलंबून राहते. आणि तो दुसरा आपल्या सोयीनें वाचतो.

हा विचार आमच्या पदरचा नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें, त्यांत बहुजनांच्या मुलांना प्राथमिक शाळेंत काय शिकवावें याची यादीच दिली होती. मोडी व बाळबोध लिहिणें-वाचणें, हिशेब, इतिहास, व्याकरण, शेतकीचें प्राथमिक ज्ञान, नीति व आरोग्य यांच्या जोडीला त्यांनीं भूगोलही मागितला होता. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेके घेत असत. कागदावरची एक रेघ जमिनीवर किती घरांचें नशीब फिरविते, हें त्यांना कोणी सांगावयास नको होतें. शेतकऱ्याच्या पोराला कविता आली नाहीं तर त्याचें फार बिघडत नाहीं. हिशेब आणि हद्द आली नाहीं तर मात्र तो बुडतो.

आपल्या जिल्ह्यानें तर हें पिढ्यान् पिढ्या भोगलें आहे. खोतीच्या काळांत नांगर कुळाच्या हातीं आणि दप्तर खोताच्या घरीं. कुळानें कसलेली जमीन कोणती, तिची हद्द कोठवर, धारा अर्धेलीनें द्यावयाचा कीं तिर्धेलीनें, हें सांगणारा कागद कुळाला पाहावयास मिळत नसे. आणि मिळाला तरी वाचतां येत नसे. खोत ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमानही होते. दप्तर हातीं आलें कीं सर्वांची जात एकच होई. १८८० सालीं खोती सेटलमेंट अ‍ॅक्ट झाला, हक्कांच्या नोंदी कागदावर येऊं लागल्या. पण कागद वाचून सांगणारा बहुधा तोच राहिला. १७ सप्टेंबर १९३७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें बिल मांडलें. १० जानेवारी १९३८ रोजीं हजारों शेतकरी मुंबईंत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. शेवटीं १९४९ च्या कायद्यानें खोती गेली, आणि कुळकायद्यानें १ एप्रिल १९५७ हा दिवस कसणाराच्या मालकीचा ठरविला.

खोत गेला, कागद न वाचण्याची आमची खोड मात्र गेली नाहीं. आज दारांत खोताचा कारकून येत नाहीं, जमिनीचा दलाल येतो. सात-बाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांचीं, आत्यांचीं, मुंबईकरांचीं मिळून डझनावारी नांवें असतात, आणि दलाल म्हणतो, “काका, येथें फक्त अंगठा करा.” कोंकणांत महामार्ग रुंद झाला, रेल्वे आली, धरणें झालीं, प्रत्येक वेळीं आधीं नकाशावर रेघ पडली आणि मागाहून मोबदल्याचें बोलणें निघालें. जे रेघ वाचूं शकले ते वेळेवर हरकत घेऊं शकले. बाकीचे खुंट ठोकले गेल्यावर जागे झाले.

कारागीर बंधु म्हणतील, आम्हांला शेतच नाहीं, आम्हांला नकाशा कशाला? शेत नसेल, घर तर आहे. केंद्र सरकारनें २०२० सालीं स्वामित्व योजना काढली. तिच्याखालीं ड्रोन उडवून गांवठाणाची मोजणी करतात आणि घराघराची मिळकत पत्रिका तयार होते. आपल्या घरामागची मोरी, गोठा, सुतारकामाची पडवी त्या रेघेच्या आंत आली कीं शेजाऱ्याच्या अंगणांत गेली, हें मोजणी चालू असतांना पाहिलें पाहिजे. पत्रिका हातीं पडल्यावर रडून उपयोग नाहीं.

तेव्हां घरीं शिकवावें कसें? त्याला पैसा लागत नाहीं. एक काठी, एक दोरी, एक कोळशाचा तुकडा आणि आठवड्यांतून एक संध्याकाळ पुरे.

पहिला धडा दिशांचा. कोंकणांतल्या पोराला दिशा शिकविणें फार सोपें. उगवतीला सह्याद्रीची भिंत, मावळतीला समुद्र. उगवतीकडे तोंड करून उभें केलें कीं डावा हात उत्तर, उजवा हात दक्षिण. खळ्यांत एक सरळ काठी रोवा. दुपारीं तिची सावली सर्वांत आखूड होईल तेव्हां त्या सावलीवर कोळशानें रेघ ओढा. हिंवाळ्यांत ती रेघ काठीच्या बुंध्यापासून नीट उत्तरेकडे जाते. मे महिन्याचा पहिला आठवडा सरतां सरतां आपल्याकडे सूर्य दुपारीं अगदीं डोक्यावर येतो आणि काठीची सावली काठीखालींच नाहींशी होते. तें मुलांना अवश्य दाखवा. रात्रीं ध्रुव दाखवा. हात ताठ पुढें करून मूठ धरली तर तिची रुंदी सुमारें १० अंश भरते. रत्नागिरीहून ध्रुव क्षितिजापासून सुमारें १७ अंशांवर, म्हणजे दोन मुठींच्याही जरा खालीं दिसतो. दिल्लीस तो जवळजवळ तीन मुठींवर असतो, आणि कन्याकुमारीस एका मुठीच्याही खालीं. शाळेंत ‘अक्षांश’ म्हणून घोकावें लागतें तें हेंच. मूठ धरून एकदां मोजलें कीं घोकावें लागत नाहीं.

आमच्या घरांत दिशांचें ज्ञान आजवर आलें तें पंचांगांतून. सोमवारीं पूर्वेस जाऊं नये, गुरुवारीं दक्षिणेस जाऊं नये, हा दिशाशूळ म्हातारीपासून पोरापर्यंत सर्वांना पाठ. आणि पूर्व कोठें विचारलें तर सारे एकमेकांकडे पाहतात! समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो असें शास्त्रीमंडळी सांगत होती, त्याच काळांत आमचे खारवी, भंडारी, गाबीत आणि दालदी समुद्रावरच पोट भरीत होते. किनाऱ्यावरच्या देवळाचा कळस आणि मागल्या डोंगराचा माथा एका ओळींत आला कीं आपली होडी कोठें आहे हें तांडेल ओळखतो. हा नकाशाच आहे. फक्त तो कागदावर नाहीं, डोक्यांत आहे. बापाच्या डोक्यांतला हा नकाशा मुलाच्या हातून कागदावर उतरला, म्हणजे दोन पिढ्यांचें ज्ञान एकत्र आलें.

दुसरा धडा मापाचा. मुलाला आपलें घर पावलांनीं मोजावयास सांगा. पडवी किती पावलें, माजघर किती, गोठ्यापासून विहीर किती. मग सारवलेल्या खळ्यांत १० पावलांना एक वीत असें ठरवून त्याला घर काढूं द्या. येथेंच मूल ‘प्रमाण’ शिकतें. सुताराच्या, गवंड्याच्या आणि शिंप्याच्या घरांत तर हा धडा आयताच आहे. दार बनविण्यापूर्वीं सुतार फळीवर त्याचें लहान चित्र काढतो; चिरा लावण्यापूर्वीं गवंडी दोरी ताणतो; शिंपी अंगाचें माप कापडावर मांडतो. हे सारे नकाशा काढणारेच होत. देशाच्या मोजणीचें जें मोठें काम १८०२ सालीं मद्रासेकडून सुरू झालें, त्यांतही कारागिराचा हात होता. अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हे जवाहिऱ्याचें काम जाणणारे गृहस्थ. साहेबांचीं मोजणीचीं यंत्रें बिघडलीं तेव्हां तीं त्यांनीं दुरुस्त केलीं, आणि पुढें ते त्या खात्याचे यंत्रकार झाले. हत्याराची जाण असणाऱ्यास नकाशा परका नाहीं.

तिसरा धडा दोरीचा. ३३ फूट लांबीची दोरी घ्या. जुन्या मोजणीची सांखळी एवढीच असे. या दोरीनें चारही बाजूंनीं चौरस आंखला कीं झाला एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. हल्लींच्या सात-बाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्यें असतें. १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद एवढा तुकडा म्हणजे एक आर. तो गुंठ्याहून किंचित् लहान. १०० आर म्हणजे एक हेक्टर, अर्थात् जवळजवळ २ एकर १९ गुंठे. हें कोष्टक घरांतल्या प्रत्येकास तोंडपाठ पाहिजे, कारण मापाच्या भाषेंत गोंधळ असला कीं सौद्यांतही गोंधळ होतो.

कोंकणापुरती एक खुबी येथें सांगितली पाहिजे. आपली वरकस जमीन उतरणीची. डोंगराच्या उतारावर दोरी जमिनीला चिकटवून मोजली तर माप जास्त भरतें. सरकारी मोजणी मात्र सपाट अंतर धरते. म्हणून उतारावर दोरी आडवी, पाण्याच्या पातळींत ताणून धरावी आणि टप्प्याटप्प्यानें खालीं यावें. हें न कळल्यामुळें “आमची जमीन कागदावर कमी लागली” म्हणून भावाभावांत भांडणें लागतात.

चौथा धडा गांवनकाशाचा. तालुक्याच्या भूमि अभिलेख कचेरींतून गांवच्या नकाशाची नक्कल मिळते; हल्लीं तो संगणकावर आणि मोबाईलवरही पाहतां येतो. नकाशा हातीं आला कीं आधीं त्यावरची उत्तर खऱ्या उत्तरेकडे फिरवून तो जमिनीवर पसरा. मग देऊळ, रस्ता, नदी, विहीर या ठळक खुणा शोधा. त्यानंतर आपला नंबर, आणि त्याच्या चहूंकडचे नंबर. शेवटीं मुलाला घेऊन प्रत्यक्ष हद्दीवरून चाला. येथें गडगा आहे, येथें वई आहे, येथें वहाळ वळतो, येथून पाखाडी उतरते. नकाशावरची रेघ कोणत्या खुणेला लागते तें त्यालाच सांगूं द्या. सोबत आजीला न्या. नवऱ्याबरोबर चाळीस वर्षें लावणी केलेल्या बाईला प्रत्येक बांधाचा इतिहास ठाऊक असतो. तो तिच्याबरोबर जाण्यापूर्वीं मुलाच्या वहींत उतरला पाहिजे.

दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानांत ठेवाव्या. सात-बारा ‘कोणाची’ आणि ‘किती’ हें सांगतो. ‘कोठें’ हें नकाशाच सांगतो. एक वाचून दुसरा न वाचणें म्हणजे एका डोळ्यानें चालणें. दुसरी गोष्ट अशी कीं, मोबाईलच्या पडद्यावर उपग्रहाच्या चित्रावर दिसणारी रेघ हद्दीचा पुरावा नव्हे. ती थोडी इकडे तिकडे सरकलेली असूं शकते. ती पाहून शेजाऱ्याचा गडगा पाडावयास जाऊं नये. तंटा असेल तर रीतसर अर्ज करून सरकारी मोजणी मागावी, आणि मोजणीदार आला कीं त्याच्या मागून घरचें शिकलेलें मूल चालवावें.

मूल म्हटलें म्हणजे मुलगीही. रत्नागिरी हा मुंबईवर जगणारा जिल्हा. पुरुष मुंबईला आणि शेत बाईच्या हातीं, अशी येथली जुनी रीत. २०११ च्या शिरगणतींत जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया भरल्या, त्या काय उगीच? जी जमीन राखते तिलाच तिची हद्द ठाऊक नसावी, यासारखा उलटा न्याय नाहीं. त्यांतून वडिलार्जित मिळकतींत मुलीचा हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि साऱ्या देशानें २००५ सालीं कायद्यानें मान्य केला आहे. हक्कसोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वीं आपण काय सोडतों हें तिला दिसलें पाहिजे. सावित्रीबाईंचें नांव घेणारांनीं पोरीच्या हातीं नकाशा देण्यास कचरूं नये.

हद्दीचें झालें, आतां पाण्याचें. आपल्या वाडीच्या वहाळापासून समुद्रापर्यंत मुलाला कागदावर पाणी चालवूं द्या. संगमेश्वरचें पाणी शास्त्रीला मिळून जयगडला जातें. रत्नागिरीजवळ काजळी भाट्याला समुद्रास मिळते. चिपळूणची वाशिष्ठी दाभोळला. वाशिष्ठींत तर सह्याद्रीपलीकडचेंही पाणी येतें. कोयनेचें पाणी बोगद्यांतून आणून पोफळीकडे वीज काढतात आणि मग तें वाशिष्ठींत सोडतात. २२ जुलै २०२१ रोजीं चिपळूण बुडालें. ज्या गांवावर वरून डोंगराच्या पावसाचा लोंढा येतो आणि खालून खाडीची भरती चढते, त्या गांवच्या प्रत्येक मुलाला आपलें घर नदीपासून किती उंचीवर आहे आणि पाणी चढलें तर कोणत्या वाटेनें वर पळावयाचें, हें कागदावर काढतां आलें पाहिजे. २ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवऱ्याचें धरण फुटलें आणि खालच्या वाडींतील माणसें वाहून गेलीं. धरण कोणाच्या डोक्यावर आहे, हें नकाशा दाखवितो. तें पाहून गळतीची तक्रार लावून धरणें हें गांवाचें काम, आणि ती वेळेवर ऐकणें हें सरकारचें.

नुसता सरकारी नकाशा वाचून मात्र भागणार नाहीं. कातळाचा सडा त्यावर नुसता मोकळा दिसतो. तो पाहून परका मनुष्य म्हणतो, येथें कांहींच नाहीं, येथें कारखाना काढा. परंतु त्या सड्यावर पावसाळ्यांत गुरें चरतात. त्याच जांभ्यांत मुरलेलें पाणी पायथ्याशीं झऱ्यांतून निघतें आणि त्यावर वाडी उन्हाळा काढते. कित्येक सड्यांवर प्राचीन माणसांनीं खोदलेलीं कातळशिल्पें आहेत. राजापूर तालुक्यांत बारसूच्या सड्यावर २०२३ च्या एप्रिलांत कारखान्यासाठीं मातीचें परीक्षण सुरू झालें, तेव्हां हा वाद साऱ्या महाराष्ट्रानें पाहिला. कारखाना असावा कीं नसावा, यावर मतें निरनिराळीं असोत. पण सड्यावर काय आहे हें गांवानें आधींच कागदावर मांडून ठेवलें असेल, तर “येथें कांहींच नाहीं” असें कोणालाही म्हणतां येणार नाहीं. झरे, चराऊ रान, होळीचा माळ, स्मशान, पाणवठ्याची वाट, हें सारें मुलांनीं आपल्या हातानें नकाशावर भरावें. वाचणारा फसत नाहीं, आणि लिहिणाऱ्याची साक्ष उभी राहते.

कोणी म्हणेल, पोटाची चिंता सुटत नाहीं, त्यांत हें नवें खूळ कशाला? आम्ही विचारतों, लग्नाच्या मुहूर्तासाठीं पंचांग पाहावयास वेळ मिळतो, मग जमिनीसाठीं नकाशा पाहावयास कां मिळूं नये? दुसरा म्हणेल, मोबाईल सारें सांगतो. मोबाईल तुम्ही कोठें उभे आहां हें सांगेल. ज्या जमिनीवर उभे आहां ती कोणाची, आणि उद्यां तिच्यावरून रेघ कोठून जाणार, हें कागद मागून वाचल्याशिवाय कळणार नाहीं.

आमची सूचना साधी आहे. शिमग्याला मुंबईची मंडळी गांवीं येतात. भात निघालेलें असतें, शेतें मोकळीं असतात, बांध आणि गडगे उघडे दिसतात. पालखी कोणत्या घरावरून कोणत्या घरास जाते हें पोरांना पाठच असतें. तोच मार्ग त्यांच्याकडून प्रथम कागदावर काढवून घ्या. मग एक दिवस देवाच्या पालखीमागून जसे चालतां तसेच घरची मुलें-मुली, म्हातारीं माणसें आणि मुंबईकर मिळून आपल्या हद्दीवरून चाला. हातीं गांवनकाशा आणि सात-बारा असूं द्या. जें जुळतें त्यावर खूण करा; जें जुळत नाहीं तें वहींत लिहा आणि तलाठ्याकडे किंवा भूमि अभिलेख कचेरींत लेखी विचारा. ती वही घरांत, जेथें देवाचे टाक ठेवतां तेथें ठेवा. दर वर्षीं तिच्यांत एक पान वाढलें पाहिजे, आणि तें पान घरांतल्या सर्वांत धाकट्या शिकणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातचें असलें पाहिजे.